लेहरा वेळेवर निघतो, कानात उशिरा पोहोचतो

प्रश्न : ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या आणि नोकरी सांभाळून तबला शिकणाऱ्या एकतीस वर्षांच्या एका वाचकाचे हे पत्र आहे. अकरा वर्षे ते एकाच गुरुजींकडे शिकत आहेत. घर दोन खोल्यांचे, मुलगी दोन वर्षांची आणि पत्नीची ड्युटी पहाटेची. त्यामुळे रात्री दहानंतर लॅपटॉपला मिडी कीबोर्ड जोडून भजनांच्या चाली बांधायच्या आणि रविवारी दुपारी यूएसबी माइक समोर ठेवून लेहऱ्यावर, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, तबला रेकॉर्ड करायचा, असा त्यांचा क्रम आहे. गेल्या दिवाळीत दुबईच्या धाकट्या भावाने महागाचे वायरलेस इअरबड्स पाठवले आणि तेव्हापासून सगळे काम त्यांच्यावरच चालते; लहान मुलीमुळे घरात लोंबत्या वायरी नकोत असे पत्नीचेही म्हणणे आहे. अलीकडची रेकॉर्डिंग ऐकून गुरुजी म्हणाले, ‘हात मागे पडतोय. लेहरा तुला सोडून पुढे जातोय.’ कीबोर्डवरचे सूर तर कधी वेळेवर, कधी उशिरा असे विखुरलेले येतात. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एएसआयओ’ (आवाजाचा उशीर कमी करणारा ड्रायव्हर) निवडले की इअरबड्स यादीतून नाहीसे होतात, आणि गाताना त्यांचाच माइक वापरला तर सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या मते याहून भारी इअरबड्स घेतले की प्रश्न मिटेल. तीस हजार रुपये साठले आहेत. ते इअरबड्सवर घालावेत, नव्या लॅपटॉपवर घालावेत, की वय वाढले तशी लय सुटली असे मानून रेकॉर्डिंगचा नाद सोडावा, असे ते विचारतात.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. अकरा वर्षे कायदे आणि रेले या तबल्याच्या रचना घोटलेल्या माणसाची लय एका दिवाळीत सुटत नाही. पत्रात तुम्ही स्वतःच लिहिले आहे की इअरबड्स दिवाळीत आले आणि गुरुजींची तक्रार त्यानंतरची आहे. त्या दोन वाक्यांनंतर तुम्ही वयाचा विषय आणलात. मी तो तूर्त बाजूला ठेवतो. मात्र ‘दोष फक्त यंत्राचा’ असेही मी आत्ताच म्हणणार नाही, कारण ते पडताळून पाहण्याची सोय तुमच्या घरातच आहे. त्यासाठी रविवारची एक दुपार पुरेल.

आधी इअरबड्समध्ये नेमके काय घडते ते पाहू. लॅपटॉपमधून निघालेला आवाज ब्लूटूथवरून जसाच्या तसा जात नाही. आधी त्याचे छोटे तुकडे करून ते आकुंचित केले जातात, मग ते रेडिओलहरींवरून पाठवले जातात आणि इअरबडमध्ये पुन्हा उलगडले जातात. या लहरी ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात धावतात, त्याच पट्ट्यात घरातले वायफाय, शेजाऱ्यांचे वायफाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही असतो. त्यामुळे काही तुकडे वाटेत गळतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. ही गळती कानाला जाणवू नये म्हणून इअरबड आवाजाचा थोडा साठा हाताशी ठेवूनच वाजवायला सुरुवात करतो. शिवाय उजव्या आणि डाव्या कानातला आवाज एकमेकांशी जुळवून घ्यावा लागतो तो वेगळाच. या सगळ्याची बेरीज सर्वसाधारण इअरबड्समध्ये 150 ते 250 मिलिसेकंदांच्या घरात जाते. हिशेबासाठी आपण 200 धरू, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग.

सेकंदाचा पाचवा भाग ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो तबल्याच्या भाषेत मांडून पाहा. मिनिटाला 120 मात्रांच्या तीनतालात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर मात्रेच्या पाच भागांतल्या दोन भागांचा आहे. त्याच लयीत चौपट, म्हणजे मात्रेत चार बोल, घेतली की एका बोलाच्या वाट्याला 125 मिलिसेकंद येतात. म्हणजे तुम्ही दीड बोलाहून अधिक मागे आहात. उलट मिनिटाला 40 मात्रांच्या विलंबितात मात्रा दीड सेकंदाची होते आणि हाच उशीर तिच्यात बराचसा जिरून जातो. संथ भजनांचे ठेके ‘बरे आले’ आणि रेले ‘बिघडले’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण हे असण्याची दाट शक्यता आहे.

अंतराच्या भाषेत सांगायचे तर हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोनशे मिलिसेकंदांत तो जवळजवळ 69 मीटर कापतो. म्हणजे लेहरा धरणारा पेटीवाला तुम्ही क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडून त्यांच्याही पलीकडे बसवला आहे आणि इतक्या लांबून येणाऱ्या सुरांवर तुम्ही समेवर येऊ पाहता आहात. गणपतीच्या मिरवणुकीत लांबलचक ढोलपथकाच्या शेवटच्या रांगेत ज्याने वाजवले आहे, त्याला हा अनुभव सांगावा लागणार नाही. पुढचा ताशा कानावर विसंबून धरला तर तो ढोल मागेच पडतो, म्हणून तिथे डोळे हातांवर आणि ध्वजावर ठेवावे लागतात. तुमच्या पेटीवाल्याचा हात तर तुम्हाला दिसतही नाही.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल आणि तो रास्त आहे : याच इअरबड्सवर सिनेमा पाहताना पात्रांचे ओठ आणि शब्द अगदी जुळतात, मग उशीर कुठे आहे? उशीर तिथेही असतो. पण आवाज किती उशिरा पोहोचणार याचा अंदाज व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपला असतो आणि ते चित्रच तेवढे थांबवून दाखवते. चित्र थांबवता येते, कारण ते आधीच तयार असते. तुमचा हात मात्र अजून पडायचा आहे. त्याला थांबवून ठेवण्याचे सामर्थ्य कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. सिनेमाला चालतात म्हणून संगीत करायलाही चालतील, हे गृहीतक इथे मोडते. हे गृहीतक फक्त तुमचे नाही. मीही एकदा नात्यातल्या एका मुलीला तिचे पेटीवादन रेकॉर्ड करताना तीन वेळा पुन्हा वाजवायला लावले होते आणि तिसऱ्यांदा ती रडवेली झाल्यावर तिच्या कानातल्या पांढऱ्या गोळ्यांकडे माझे लक्ष गेले होते.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या करू, कारण त्यांची लक्षणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. रविवारी तबला वाजवताना लेहरा तुम्हाला इअरबड्समधून उशिरा ऐकू येतो, पण तुमच्या तबल्याचा नाद हवेतून लगेच कानावर येतो. तुम्ही तुमचा तबला ऐकू आलेल्या लेहऱ्याशी अचूक जुळवता. सॉफ्टवेअरच्या हिशेबात मात्र तो लेहरा सेकंदाच्या पाचव्या भागाइतका आधीच निघून गेलेला असतो. परिणामी सगळे रेकॉर्डिंग पहिल्या धा पासून शेवटच्या तिहाईपर्यंत (समेवर येताना तीनदा वाजवला जाणारा तुकडा) जवळपास सारख्याच अंतराने मागे राहते. गुरुजींचे कान तयार आहेत. त्यांनी जे ऐकले ते फाइलमध्ये खरोखरच आहे. फक्त ते तुमच्या हातातून आलेले नाही.

कीबोर्डचे दुखणे अधिक अवघड आहे. तिथे ताल तर उशिरा येतोच, शिवाय तुम्ही दाबलेल्या पट्टीचा सूरही सॉफ्टवेअरमधून तयार होऊन त्याच वाटेने, तितकाच उशिरा कानात येतो. तुमचा सूर तालाशी जुळलेला ऐकू यावा असे वाटत असेल, तर ठोका ऐकू येण्याच्या सेकंदाचा पाचवा भाग आधी बोट दाबावे लागते. गंमत म्हणजे असे दाबले की रेकॉर्डिंग बरोबर येते. पण बोटाला ठोक्याबरोबर पडण्याची सवय आहे आणि कानाला सूर ठोक्याबरोबर हवा आहे; दोघांची ही ओढाताण ओळीओळीत सुरू राहते. काही सूर बोटाच्या मर्जीने उशिरा पडतात, काही कानाच्या मर्जीने वेळेवर पडतात, आणि तुम्ही म्हणता तसे ते विखुरतात. स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की माणूस कसा अडखळतो याचा अभ्यास बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने 1950 मध्ये प्रसिद्ध केला. बोलणाऱ्याला त्याचे बोलणे सेकंदाच्या काही अंशाने उशिरा ऐकवले की तो तोतरे बोलू लागतो, आणि हा गोंधळ सर्वांत जास्त होतो तो उशीर सुमारे 200 मिलिसेकंदांचा असताना. म्हणजे तुमचे इअरबड्स नेमक्या त्या वाईट जागी बसले आहेत. वर्षभर असा सराव झाला तर बोटे पुढे पळायला शिकतील, म्हणून कीबोर्डपुरते तरी हे आजच थांबवा.

रविवारच्या चाचणीसाठी लागणारे सगळे सामान तुमच्याकडे आहे. रीपरमध्ये एका ट्रॅकवर दर सेकंदाला एक असे तबल्याचे दहा कोरडे ठोके मांडा. आवाज इअरबड्समधून बाहेर काढा आणि इनपुट म्हणून यूएसबी माइक निवडा. इअरबड्सचा माइक चुकूनही निवडू नका. एएसआयओवर इअरबड्स दिसत नाहीत, म्हणून या चाचणीपुरती ड्रायव्हरची निवड वासापी (विंडोजची स्वतःची आवाज-व्यवस्था) ठेवा. मग एक इअरबड माइकच्या जाळीला जवळजवळ टेकवून धरा आणि ते ठोके नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मूळ ठोका आणि माइकने टिपलेला ठोका यांच्यातले अंतर स्क्रीनवर मोजा. बाकी काही न बदलता हेच जुन्या वायरच्या इअरफोनवर करा. दोन आकड्यांतला फरक हा ब्लूटूथचा उशीर. दहाही ठोक्यांचे अंतर लिहून ठेवा, इअरबड्स एकदा बंद करून पुन्हा जोडा आणि परत मोजा. आकडा दोन्ही वेळा तंतोतंत तोच येईल याची खात्री देता येत नाही, आणि ही अनिश्चितता पुढे महत्त्वाची ठरते.

या आकड्याचा पहिला उपयोग असा की जुनी तबल्याची रेकॉर्डिंग फुकट जाणार नाहीत. इअरबड्सवर मोजलेल्या अंतराइतका तबल्याचा संपूर्ण ट्रॅक डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे सरकवा आणि पहिली सम ऐका. जुळली तर तशीच पुढे जाऊन तिहाईची सम ऐका. दोन्ही जुळल्या तर हात निर्दोष आहे. कुठेच जुळत नसेल तर पाच-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे करून पाहा, कारण त्या दिवशीची जोडणी आजच्यापेक्षा थोडी वेगळी असू शकते. कीबोर्डच्या रेकॉर्डिंगला हा उपाय लागू पडत नाही. तिथे चूक सारखी नाही. सॉफ्टवेअर सूर आपोआप चौकटीत बसवून देते, पण भजनाच्या चालीतले सूर असे खिळे ठोकल्यासारखे बसवले की चाल मरते. त्या ओळी नव्याने वाजवणे कमी कष्टाचे आहे.

असे असेल तर उशीर मोजून तो सॉफ्टवेअरमध्ये कायमचा भरून टाकावा आणि इअरबड्सवरच काम चालू ठेवावे, असे कुणीही म्हणेल. रीपरमध्ये आणि इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग ठरावीक मिलिसेकंदांनी मागे घेण्याची सोय आहे हे खरे. मी तरी या मार्गाने जाणार नाही. एक तर जोडणीगणिक आकडा हलतो. दुसरे म्हणजे ही सोय नोंद सुधारते, कानात येणारा उशीर तसाच राहतो, त्यामुळे कीबोर्डला तिचा काही उपयोग नाही.

आता तीस हजारांकडे वळू. सहकाऱ्याचे म्हणणे ‘भारी घेतले की प्रश्न मिटेल’ असे आहे, पण इअरबड्सची किंमत ज्या गोष्टींसाठी वाढते त्या म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबण्याची ताकद, नादाचा दर्जा, बॅटरी आणि बनावट. उशीर त्या प्रमाणात घटत नाही. जाहिरातीत ‘गेमिंग मोड’ दिसतो आणि त्यात उशीर 60 मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असल्याचे सांगितले जाते. ते खरे धरले तरी तो मोड बहुधा विशिष्ट फोनबरोबर चालतो आणि 60 मिलिसेकंद म्हणजेही वीस मीटर, एक पूर्ण खेळपट्टी. खेळात गोळीचा आवाज तेवढा मागे राहिलेला चालतो, रेल्यात नाही. जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत उशीर बराच कमी करण्याची सोय आहे, पण त्यासाठी इअरबड्स आणि लॅपटॉप दोन्ही टोकांना ती पद्धत असावी लागते. तुमचा लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे त्यासाठी आज पैसे गुंतवणे म्हणजे रूळ नसताना तिकीट काढणे. स्वतःचा छोटा ट्रान्समीटर यूएसबीला लावून चालणारे, ब्लूटूथ न वापरणारे हेडफोनही मिळतात आणि त्यांचा उशीर खूपच कमी असतो. वायर अजिबातच चालणार नाही अशा माणसाने तिकडे बघावे. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही.

लॅपटॉपचे गणित तर आणखी सोपे आहे. रीपरमध्ये बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाची एक मोजणी) ठेवला आणि सेकंदाला 48,000 सॅम्पलचा दर असला, तर एका बफरचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांहूनही कमी असतो. तोच 1,024 ठेवला तर तो सुमारे 21 होतो. म्हणजे संगणकाच्या वाट्याला येणारा उशीर नव्या लॅपटॉपने फार तर दहा-पंधरा मिलिसेकंदांनी कमी होईल, आणि दोनशेचा डोंगर जागच्या जागी राहील. तुमचा सध्याचा लॅपटॉप 256 वर आवाज न तडतडता चालत असेल तर तो या कामाला पुरेसा आहे. तडतडला तर 512 करा. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साथीदार साडेतीन मीटरवर बसला आहे. बैठकीत तो तसा बसतोच.

एएसआयओ निवडल्यावर इअरबड्स गायब होणे हा बिघाड नाही. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 च्या सुमारास आणलेली ही व्यवस्था विंडोजचा नेहमीचा लांबचा रस्ता टाळून सॉफ्टवेअरला थेट साउंड-कार्डाशी बोलू देते. इअरबड्सना असा ड्रायव्हर नसतो आणि त्यांचा उशीर रेडिओच्या वाटेतच असल्याने तो असता तरी विशेष फायदा झाला नसता. काही सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या एएसआयओ ड्रायव्हरमधून इअरबड्स चालवून दाखवतात, त्यावरून उशीर गेला असे समजू नये.

टेलिफोनसारख्या आवाजाचा उलगडाही इथेच करून टाकतो, कारण हा प्रश्न बऱ्याच गायकांना पडतो. ब्लूटूथमध्ये संगीत ऐकण्याची वाट वेगळी आहे आणि बोलण्याची वेगळी. ऐकण्याची वाट स्टीरिओ आणि चांगल्या दर्जाची असते, पण एकाच दिशेने जाते. इअरबड्सचा माइक सुरू केला की जोडणी फोन कॉलच्या वाटेवर जाते. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पल-दर बहुधा 8,000 किंवा 16,000 वर येतो. आठ हजारांच्या दरात 4,000 हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही, मग तबल्याच्या काठावरच्या चाटेचा कडकपणा आणि गाण्यातले ‘स’, ‘श’ कुठून उरणार? यावर एकच उपाय आहे आणि तो फुकट आहे : इनपुटला नेहमी लॅपटॉपचा किंवा यूएसबी माइक निवडायचा. मॅकवर किंवा मोबाइलवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मग काय घ्यायचे? घेण्याआधी तुमचा यूएसबी माइक उलटा करून पाहा. अशा अनेक माइकांच्या तळाशी किंवा बाजूला हेडफोनचे 3.5 मिलिमीटरचे छिद्र असते आणि आपण वाजवलेले लगेच ऐकू यावे म्हणून तिथे एक लहानसा खटका किंवा चकती असते. ते असेल तर बंद कपांचे वायरचे हेडफोन त्यात लावा. लेहरा माइकमध्ये गळणार नाही, तबला थेट ऐकू येईल आणि खर्च हेडफोनपुरताच राहील. छिद्र नसेल तर लॅपटॉपचे हेडफोनचे छिद्र वापरा आणि त्यासाठी ‘एएसआयओ-फॉर-ऑल’ हा फुकट मिळणारा ड्रायव्हर बसवून पाहा. हेडफोन स्टुडिओत वापरतात त्या जातीचे असले तर उत्तम, पण पुढच्या महिन्यापर्यंत फोनबरोबर आलेला जुना वायरचा इअरफोनही चालेल, आणि वेळेच्या बाबतीत तो तुमच्या भावाच्या महागड्या भेटीपेक्षा सरस ठरेल. उरलेल्या पैशांतून काही घ्यायचेच असेल तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि त्याला लागणारे दोन साधे, यूएसबी नसलेले माइक घ्यावेत, म्हणजे दायां आणि बायां वेगळे टिपता येतील. पण ते हौसेसाठी. तुमच्या अडचणीवरचे औषध म्हणून नव्हे.

वायरबद्दल तुमच्या पत्नीचा आक्षेप रास्त आहे, कारण दोन वर्षांच्या मुलीच्या हाताला लोंबती वायर लागली की लॅपटॉपही खाली येईल. वायर छातीवरून न आणता मानेमागून, सदऱ्याच्या आतून पाठीवरून काढा आणि कमरेजवळ चिमट्याने अडकवा. तबल्यावर बसताना हात मोकळे राहतात आणि ओढ लागली तर ती कानावर न येता चिमट्यावर येते. रात्री टेबलाची जी बाजू भिंतीकडे आहे तिथूनच जोडणी घ्या.

ज्यांना हे सदर वाचून स्वतःची अडचण आठवली असेल, त्यांच्यापैकी गाणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून इअरबड्समध्ये ऐकत गाऊ नका; ती सोय बंद करा. हाताशी इअरबड्सशिवाय काहीच नसेल तर एक कान उघडा ठेवून फक्त तानपुरा आणि ताल ऐकत गा, माइक वेगळा वापरा आणि नंतर ट्रॅक मोजून सरकवा. तुमची चूक तबल्यासारखी एकसारखी राहील आणि दुरुस्त होईल. नुसत्या तानपुऱ्यावर आलाप करणाऱ्याला तर उशिराची फिकीर करण्याचे कारणच नाही. ज्यांच्या फोनला हेडफोनचे छिद्र नाही, त्यांनी यूएसबी-सी ते 3.5 मिलिमीटरचा छोटा जोड घ्यावा. ज्यांचा कीबोर्ड स्वतः आवाज काढणारा आहे, त्यांनी त्याच्याच छिद्रात हेडफोन लावला की कानाला निदान आपला सूर तरी वेळेवर मिळतो.

राहिला प्रश्न भावाच्या भेटीचा, जो तुम्ही पत्रात अर्ध्याच वाक्यात उरकला आहे. पण मला वाटते, तोच तुम्हाला बराच सलतो आहे. इअरबड्स कपाटात टाकायची गरज नाही. वाजवणे आणि गाणे सोडले तर बाकीच्या कामात हा उशीर आड येत नाही, कारण सगळेच ट्रॅक सारखे उशिरा येतात आणि एकमेकांशी जुळलेलेच ऐकू येतात. तुकडे कापणे, चालीची मांडणी ठरवणे, पन्नासदा ऐकून एक ओळ गाळणे हे सगळे रात्री अंथरुणावर पडून इअरबड्सवर करता येते. फक्त स्क्रीनवरची रेघ आवाजाच्या थोडी पुढे धावताना दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

मिश्रणाचे, म्हणजे प्रत्येक वाद्य किती मोठे ठेवायचे याचे, अंतिम निर्णय मात्र त्यांच्यावर घेऊ नका. बहुतेक इअरबड्स खर्ज फुगवून ऐकवतात, त्यामुळे बायां भरदार वाटतो आणि तुम्ही तो कमी करून बसता. मग दुसऱ्या स्पीकरवर ठेका पोकळ लागतो. ऐकताना गोंगाट दाबण्याची, आवाज सभोवती फिरवण्याची आणि आपोआप नाद बदलण्याची सगळी बटणे बंद ठेवा. हेडफोनवर काम पुरे झाले की शेवटची तपासणी इअरबड्सवर करा, आणि ती जरूर करा. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-10 हा स्पीकर 1978 मध्ये घरगुती वापरासाठी आला होता. श्रोत्यांच्या घरी गाणे कसे ऐकू येईल हे कळावे म्हणून जगभरच्या स्टुडिओंनी तो टेबलावर ठेवला आणि 2001 मध्ये त्याचे उत्पादन थांबल्यावरही तो तिथून हलला नाही. आज तुमचे भजन ज्याला तुम्ही पाठवणार त्याच्या कानात बहुधा इअरबड्सच असणार. भावाला पहिली तयार फाइल पाठवताना ही तपासणी त्याच्या भेटीवर केल्याचे कळवा. वायरच्या हेडफोनचा विषय मग आपोआपच सोपा होईल.

गुरुजींकडे जाताना तीन फाइल्स न्या : जुनी, तीच मोजून सरकवलेली, आणि याच रविवारी वायर लावून त्याच लयीत वाजवलेला तोच रेला. आकडे आणि ब्लूटूथ समजावत बसू नका, आधी नुसते ऐकवा. सरकवलेली आणि वायरवाली दोन्ही समेवर आल्या तर तुमच्या शंकेचे उत्तर त्यांच्या चेहऱ्यावरच मिळेल. वायरवालीतही हात मागे दिसला तर तो प्रश्न पुन्हा माझ्याकडे पाठवू नका. लेहरा वीस मात्रांनी उतरवा आणि गुरुजी सांगतील तितके दिवस तोच कायदा वाजवा.